उलट्या चामड्याचं खोगीर

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला ‘कटिंग’ नावाच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा भरतात. स्वार गुरांच्या कळपात शिरतो, एक जनावर निवडून बाहेर काढतो आणि मग लगाम धरलेला हात घोड्याच्या मानेवर टेकवतो. तिथून पुढे सगळं घोड्याच्या अकलेवर. कळपाकडे परतू पाहणारं वासरू डावीकडे झेपावलं की घोडा छाती जमिनीलगत आणून त्याला आडवा जातो. वासराने हुलकावणी दिली की त्याच क्षणी उजवीकडे. अडीच मिनिटं हे चालतं. या काळात लगाम ओढून घोड्याला दिशा दाखवली तर गुण जातात. स्वाराने खोगिराची पुढची खुंटी धरून जागेवर बसून राहायचं, बस्स.

हे बसून राहणंच अवघड आहे. घोडा एका दिशेला जातो आणि स्वाराचं अंग मागच्याच दिशेला राहू पाहतं. बैठक गुळगुळीत असेल तर मांडी सरकते, तोल जातो, आणि तो सावरायला स्वार नकळत लगाम खेचतो. म्हणून कटिंगच्या खोगिराची बैठक आणि पायालगतचे रुंद पट्टे पुष्कळदा उलट्या चामड्याचे करतात. जी बाजू एरवी आत लपवायची ती बाहेर, आणि गुळगुळीत बाजू आत. अमेरिकेत याला ‘रफआउट’ म्हणतात. त्यावर बारीक, दाट लव असते. डेनिमच्या जाड पँटला ही लव धरून ठेवते. कटिंगची राष्ट्रीय संघटना १९४६ साली फोर्ट वर्थमध्येच स्थापन झाली. खेळ वाढत गेला तशी त्याच्या खोगिराचीही स्वतंत्र घडण झाली.

दुसरा खेळ रोडिओतला, ‘सॅडल ब्रॉन्क’. उधळणाऱ्या घोड्यावर एका हाताने जाडजूड दोरखंड धरून ८ सेकंद टिकायचं. या खोगिराला खुंटीच नसते. ओरेगॉनमधल्या पेंडलटन गावच्या हॅमली कंपनीने १९१९च्या सुमारास या खेळासाठी ठरावीक मापाचं खोगीर तयार केलं, म्हणजे चढाओढ स्वारांमध्येच होईल, खोगिरांमध्ये होणार नाही. पकड यावी म्हणून ब्रॉन्कस्वार खोगिराच्या पुढच्या फुगीर भागावर राळेची पूड चोळतात. पकडीची गरज किती टोकाची असते ते यावरून कळावं.

उलट्या चामड्याच्या खोगिराची निगा राखताना पहिली चूक होते ती चांगल्या हेतूने. चामडं म्हटलं की आपला हात पॉलिशकडे जातो. तेल लावावं, मेण चोळावं, फडक्याने घासून चकाकी आणावी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. बूट, पट्टे, लगाम यांना ती लागू पडते. उलट्या चामड्याला मात्र प्रत्येक चकाकी घातक आहे, कारण लव आडवी पडून चिकटली की ज्या कामासाठी चामडं उलटवलं तेच संपतं.

असं का होतं हे समजायला कातड्याच्या आत थोडं शिरावं लागतं. जाड कातड्याचा उभा छेद घेतला तर वरच्या अंगाला, म्हणजे जिथे केस होते त्या बाजूला, अतिशय बारीक तंतूंचा घट्ट विणलेला थर दिसतो. व्यवसायात त्याला ‘ग्रेन’ म्हणतात. खाली उतरत जावं तसे कोलॅजेनचे तंतू जाड होतात आणि काथ्याच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले दिसतात. अगदी तळाला, मांसाकडच्या बाजूला, ही वीण सैल होते आणि तंतूंची टोकं मोकळी सुटतात. ही मोकळी टोकं म्हणजेच रफआउटची लव.

स्वेड आणि रफआउट यांची इथे कायम गल्लत होते. स्वेड बहुतेक वेळा कातड्याचा थर चिरून काढलेल्या खालच्या पापुद्र्याचं, किंवा पातळ कातड्याच्या आतल्या बाजूला घासून मऊ केलेलं असतं. पापुद्र्याच्या स्वेडमध्ये ग्रेनचा थर राहिलेलाच नसतो, त्यामुळे ते ताणाला कमी टिकतं. नुबक म्हणजे ग्रेनचीच बाजू हलकी घासून मखमली केलेली. रफआउटमध्ये पूर्ण जाडीचं चामडं शाबूत असतं. फक्त त्याचं तोंड आतल्या बाजूला फिरवलेलं. मजबुती तीच, वर ओरखड्याची भीती नाही. गुळगुळीत चामड्यावर काट्याने ओढलेली रेघ कायमची दिसते, लवेवर ती ब्रशच्या एका हाताने बुजते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन सैनिकांच्या पायांत याच जातीच्या चामड्याचे बूट होते. बाहेरची सैल बाजू पाणी अडवणारं ग्रीस चांगलं पिते, आणि खडकावर घासल्याने तिचं काही बिघडत नाही.

खोगिराला लागणारं चामडं साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीचं असतं आणि ते झाडांच्या टॅनिनमध्ये कमावलेलं असतं. अमेरिकेत सेंट लुइसची हर्मन ओक ही १८८१ सालची टॅनरी आणि पेनसिल्व्हेनियातली, मूळची टोरांटोची, १८६७ सालची विकेट अँड क्रेग ही या कामातली मानाची नावं. कमावण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं आजही बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलं जातं, आणि हे काम ढोर समाजातल्या कारागिरांनी शतकानुशतकं सांभाळलं आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. त्याचा काही भाग औषधाला जातो, काही चामड्याला. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून हाच हिरडा विलायतेच्या टॅनऱ्यांना जात असे.

हिरड्याचं एक वैशिष्ट्य खोगीर बाळगणाऱ्याने जाणून घ्यावं. टॅनिनचे दोन मोठे वर्ग आहेत. बाभूळ, मिमोसा, केब्राचो यांची टॅनिनं एका वर्गातली. हिरडा आणि सुमॅक दुसऱ्या. हवेतला गंधकाचा वायू चामड्यात शिरला की हळूहळू आम्ल तयार होतं, चामड्याचा लाल भुसा पडू लागतो आणि शेवटी ते बोटाने चुरतं. या रोगाला ‘रेड रॉट’ म्हणतात. लंडनच्या अथेनियम क्लबातल्या पुस्तकांच्या बांधण्या अशा झडू लागल्या, तेव्हा १८४३ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने त्याचा दोष दिवाबत्तीच्या गॅसमधल्या गंधकाला दिला. फॅरडे उमेदवारीच्या काळात बुकबाइंडर होता, त्यामुळे चामड्याशी त्याची ओळख जुनी. हिरड्यात कमावलेलं चामडं या रोगाला बाभळी-मिमोसाच्या चामड्यापेक्षा चांगलं तोंड देतं. रोग एकदा लागला की तेलाने बरा होत नाही. आजोबांच्या काळचं खोगीर माळ्यावरून काढलं आणि हाताला लाल पूड लागली, तर ते शोभेला ठेवावं. त्यावर माणूस बसवू नये. तुटलेल्या रिकिबीच्या पट्ट्याने हाडं मोडतात.

आता प्रत्यक्ष निगा. तिची सुरुवात आणि निम्म्याहून जास्त काम म्हणजे कोरडा ब्रश. धूळ दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यातले वाळूचे कण धारदार असतात. प्रत्येक दौडीत ते तंतूंच्या मुळाशी करवतीचं काम करतात. लवेच्या चामड्यात ही वाळू खोल बसते, फडक्याने ती आणखी आत जाते. आधी नळीचा व्हॅक्यूम फिरवावा, मग ताठ नायलॉनच्या केसांचा ब्रश एकाच दिशेने, नंतर उलट दिशेने. चिखल उडाला असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा. ओला चिखल पुसायला गेलं की तो लवेत लिंपला जातो. वाळलेला चिखल ब्रशने झडून पडतो. घाई केली की दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

बैठकीवर आणि मांड्यांच्या जागी काही महिन्यांनी काळपट, चकचकीत ठिपके दिसू लागतात. घाम, अंगाचं तेल आणि धूळ यांनी लव चिकटवलेली असते. इथे पितळी तारांचा मऊ ब्रश लागतो; पोलादी तारांचा नको, तो तंतू तोडतो. छोट्या वर्तुळांत, हलक्या हाताने. क्रेप रबराचा ठोकळा किंवा साधा खोडरबरही चिकट मळ उचलतो. तरीही चकाकी गेली नाही तर बारीक, २२० नंबरचा पॉलिश पेपर एकदोनदा फिरवून लव पुन्हा उभी करता येते. खोगिराच्या चामड्याला जाडी भरपूर असते, एवढ्या घासण्याने त्याचं काही उणं होत नाही. पातळ स्वेडच्या बुटावर मात्र हा प्रयोग करू नये. तेलाचा ताजा डाग पडला असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडरचा जाड थर रात्रभर ठेवावा, सकाळी झटकावा, गरज वाटल्यास पुन्हा ठेवावा. पाणी लावू नये.

सॅडल सोपबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण प्रत्येक तबेल्यात त्याचा डबा असतोच. सौम्य साबण, ग्लिसरीन, लॅनोलिन, मधमाशांचं मेण असं काहीसं त्याचं मिश्रण. गुळगुळीत चामड्यावर ओलसर स्पंजने फेस करावा, पुसावा, काम छान होतं. लवेवर तोच फेस आत मुरतो, सुकतो, आणि मेण-साबणाचा थर तंतू एकमेकांना चिकटवून टाकतो. साध्या कपड्याच्या साबणाचा तर विचारही नको. चामडं आम्लधर्मी असतं, त्याचा सामू साधारण ३.५ ते ५च्या दरम्यान. कपड्याचा साबण क्षारधर्मी. झाडपाल्यात कमावलेलं चामडं क्षार लागताच काळवंडतं आणि टॅनिन सुटू लागतं.

पण त्याच खोगिराला दुसरी बाजू आहे, आणि तिथे सॅडल सोपच लागतो. पायालगतच्या रुंद पट्ट्याला ‘फेंडर’ म्हणतात. स्वाराच्या पायाला त्याची खडबडीत बाजू लागते आणि घोड्याच्या अंगाला गुळगुळीत ग्रेनची. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, आणि त्यात ‘लॅथरिन’ नावाचं फेस आणणारं प्रथिन असतं. दौडलेल्या घोड्याच्या मानेवर जो पांढरा फेस दिसतो तो त्याचाच. वाळल्यावर मागे मिठाचे कण राहतात. ते हवेतलं पाणी ओढतात, वाळताना चामडं कडक करतात, शिवणीचा दोरा कुरतडतात. म्हणून अस्तर नसेल तर फेंडर उलटवून आतली बाजू दर स्वारीनंतर ओलसर फडक्याने पुसावी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सॅडल सोपने धुवावी. खोगिराखालच्या तंगाच्या पट्ट्यांनाही हेच. स्वाराचं आयुष्य याच पट्ट्यांवर टांगलेलं असतं, आणि दिसत नाहीत म्हणून दुर्लक्ष होतं तेही यांच्याकडेच.

कंडिशनिंगबद्दल ‘चामड्याला खाऊ घालणं’ असं बोललं जातं. चामडं मेलेलं असतं, ते काही खात नाही. कमावताना तंतूंच्या मध्ये तेल भरलेलं असतं. पाणी आलं आणि उडून गेलं की प्रत्येक वेळी थोडं तेल हलतं, तंतू जवळ येऊन एकमेकांना चिकटतात, आणि वाकवलं की चिरतात. कंडिशनरचं काम एवढंच, तंतूंना एकमेकांवरून सरकू देणं. त्यासाठी अमेरिकेतला जुना उपाय नीट्सफूट तेल, गाईबैलांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं. जनावराचे पाय थंड राहतात, म्हणून तिथली चरबी कमी तापमानालाही पातळ राहते. म्हणूनच हे तेल चामड्यात सहज शिरतं. बाजारात ‘कंपाउंड’ नावाने मिळणाऱ्या बाटलीत खनिज तेल मिसळलेलं असतं. शुद्ध तेल मागून घ्यावं. गोवंशाचं तेल ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य कंडिशनर मिळतात.

तेल लावायचं ते ग्रेनच्या बाजूने, आणि अगदी थोडं. फेंडर उलटवावा, पुसून स्वच्छ करावा, किंचित ओलसर असतानाच मेंढीच्या लोकरीच्या तुकड्याने पातळ हात फिरवावा, आणि एक दिवस तसाच ठेवावा. तेल जाडीतून हळूहळू पलीकडे झिरपतं, चामडं आतून लवचीक होतं आणि बाहेरची लव कोरडी राहते. दुसऱ्या दिवशी गरज वाटली तरच पुन्हा एक हात. एकदम जास्त तेल ओतलं तर ते पलीकडे फुटतं, लव काळी आणि गुळगुळीत होते, चामडं फुगल्यासारखं ढिलं पडतं. ते तेल परत काढता येत नाही.

बैठकीचं मात्र अवघड आहे. ती खालच्या थरांना चिकटवलेली असते, मागून हात पोचत नाही. याबाबत खोगीर करणाऱ्यांमध्येच दोन पंथ आहेत. काहीजण नवं खोगीर आलं की बैठकीलाही तेल देतात, रंग गडद होणार हे मान्य करून. लव पुढे स्वारीने आणि ब्रशने उठते म्हणतात. दुसरे बैठकीला कधीच तेल लावत नाहीत, फक्त ब्रश. मला दुसऱ्यांचं पटतं. बैठकीला पट्ट्यासारखं वाकावं लागत नाही, तिला घोड्याचा घाम थेट लागत नाही, आणि पकड गमावण्याची किंमत मोठी आहे. फारच कोरडी वाटली तर स्वेडसाठी मिळणारा कंडिशनरचा हलका फवारा मारावा आणि अर्धवट सुकताच ब्रशने लव उभी करावी.

पाण्याबद्दल एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. वेस्टर्न खोगिराच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो आणि परंपरेने त्यावर कच्च्या, न कमावलेल्या कातड्याचं वेष्टण असतं. ओलं असताना शिवलेलं हे कातडं वाळताना आवळतं आणि सांगाड्याला विलक्षण बळकटी देतं. तेच पुन्हा भिजलं की सैल पडतं. पाइप लावून खोगीर धुणारे लोक चामडं स्वच्छ करतात आणि सांगाडा मोडकळीला आणतात. पावसात भिजलंच तर सावलीत, हवेशीर जागी, घोड्याच्या पाठीच्या आकाराच्या स्टँडवर वाळवावं, आणि दोन्ही रिकिबींतून एक आडवी काठी घालून ठेवावी म्हणजे पट्टे योग्य वळणात सुकतात. ऊन, हीटर, हेअर ड्रायर वर्ज्य. झाडपाल्यात कमावलेल्या ओल्या चामड्याचे तंतू ७० ते ८५ अंश सेल्सियसच्या आसपास कायमचे आकसतात, आणि कडक उन्हात वा हीटरसमोर ते अकाली कोरडं पडून ताठ होतं.

आपल्याकडचा खरा शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की चामड्यावर बुरशी धरते, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ती क्वचितच त्याखाली येते. लवेवर बुरशीला रुतायला भरपूर जागा मिळते, आणि तेलकट चामडं तिला आणखी आवडतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तेलाचा मोठा हात देण्याची पद्धत सोडावी, ते काम दिवाळीनंतर करावं. बुरशी दिसली तर खोगीर घराबाहेर न्यावं, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडावी, तो ब्रश इतर कशाला वापरू नये. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग घेऊन, आधी झाकल्या जागी रंग तपासून, फडक्याने हलकं पुसावं आणि पंख्याखाली वाळवावं. पितळी कड्यांभोवती हिरवं मेणचट काही साचलेलं दिसेल. ते तेलातली आम्लं आणि तांबं यांच्या संयोगाने होतं. जुन्या टूथब्रशने काढून टाकावं, नाहीतर चामड्यावर डाग उतरतो.

वेस्टर्न खोगीर आपल्या मुलखात अजून तुरळक आहे. मराठी स्वारांचं जुनं खोगीर तर कापड आणि भरतीचं. पण जगाला खोगिरं पुरवणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी एक आपल्याच देशात आहे. १८६०च्या दशकात लष्करासाठी साज बनवणारा सरकारी कारखाना कानपूरला उभा राहिला, आणि आज त्या शहरातली खोगिरं युरोप-अमेरिकेत जातात. ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकनही आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांबरोबर साजाचीही उलाढाल होते, आणि स्वारी शिकवणारे क्लब पुण्या-मुंबईभोवती वाढत आहेत. स्वेडची बैठक किंवा गुडघ्याचे टेकू असलेली इंग्लिश खोगिरं त्यांच्याकडे असतात, आणि त्यांची लवही याच नियमांनी चालते, फक्त हात आणखी हलका हवा.

तुमच्याकडे असं एखादं खोगीर असेल तर मे महिन्यातच ते प्लास्टिकमधून बाहेर काढा, ब्रश मारा, आतली बाजू पुसा, तंगाचे आणि रिकिबीचे पट्टे वाकवून तडे पाहा, सुती चादर पांघरा आणि भिंतीपासून दूर, वारा लागेल अशा जागी ठेवा. पट्ट्याला तडा दिसला तर पावसाळा संपण्याची वाट न पाहता तो बदलून घ्या.